अकरावीची पुस्तके विकू नका : एमएचटी-सीईटी समजून घेताना आणि तिची तयारी करताना

अकरावीची परीक्षा संपली की अप्पा बळवंत चौकातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांत अकरावी विज्ञानाची पुस्तके येऊ लागतात. बारावीचा संच घ्यायला आलेला विद्यार्थी जाता जाता अकरावीचा संच देऊन टाकतो. घरातली जागा मोकळी होते आणि थोडे पैसेही सुटतात. पुण्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवताना मी पुढच्या मार्च-एप्रिलमध्ये हीच मुले अकरावीच्या प्रकरणांच्या झेरॉक्स शोधत फिरताना अनेकदा पाहिली आहेत. एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेत प्रत्येक विषयातील सुमारे २० टक्के प्रश्न अकरावीच्या निवडक प्रकरणांवर येतात, हे त्यांना फार उशिरा कळलेले असते. ही परीक्षा अवघड आहे यापेक्षा ती नेमके काय मोजते आणि कसे मोजते हे माहीत नसते, यामुळेच अधिक मुले मागे पडतात, असे माझे मत आहे. त्यामुळे अभ्यासाचे वेळापत्रक भिंतीवर लावण्याआधी दोन संध्याकाळी केवळ परीक्षेची रचना समजून घेण्यासाठी द्याव्यात.

कोणती परीक्षा कशासाठी

महाराष्ट्रातील अभियांत्रिकी, औषधनिर्माणशास्त्र आणि कृषी शाखेच्या पदवी प्रवेशासाठी राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष एमएचटी-सीईटी घेतो. वैद्यकीय प्रवेश २०१७ पासून नीट या देशपातळीवरील परीक्षेवर होतात, त्यामुळे डॉक्टर व्हायचे असलेल्या विद्यार्थ्याने सीईटी हा दुसरा पर्याय म्हणूनच धरावा. एनआयटीसारख्या केंद्रीय संस्थांसाठी जेईई मेन द्यावी लागते आणि आयआयटीकडे जाणारा रस्ताही तिच्यातूनच जातो. तिन्ही परीक्षांसाठी विषय बरेचसे तेच असले तरी त्यांचे नियम वेगळे आहेत आणि तयारीच्या सवयी या नियमांतूनच घडतात. नीट आणि जेईई मेनमध्ये बरोबर उत्तराला ४ गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तराचा १ गुण वजा होतो. सीईटीत चुकीच्या उत्तराला काहीच वजा होत नाही. हा एकच फरक किती महाग पडू शकतो, ते पुढे सांगतो.

सीईटीचे दोन गट आहेत. पीसीएम गटात भौतिकशास्त्राचे ५० आणि रसायनशास्त्राचे ५० प्रश्न प्रत्येकी १ गुणाचे असतात आणि या १०० प्रश्नांना मिळून ९० मिनिटे मिळतात. त्यानंतर गणिताचे ५० प्रश्न प्रत्येकी २ गुणांचे असून त्यांना स्वतंत्र ९० मिनिटे असतात. पीसीबी गटात गणिताच्या जागी जीवशास्त्राचे प्रत्येकी १ गुणाचे १०० प्रश्न येतात. दोन्हीकडे एकूण गुण २०० असतात आणि परीक्षा संगणकावर होते. पहिल्या ९० मिनिटांत रसायनशास्त्रावरून भौतिकशास्त्रावर आणि पुन्हा मागे जाता येते. पण ती वेळ संपली की तो भाग बंद होतो, आणि गणित लवकर संपले म्हणून त्यातला उरलेला वेळ भौतिकशास्त्रासाठी वापरता येत नाही. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्राचे प्रश्न इंग्रजी, मराठी व उर्दूत उपलब्ध असतात, गणिताचे मात्र इंग्रजीतच. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याने गणिताची इंग्रजी परिभाषा परीक्षेच्या महिन्यात शिकायला घेऊ नये. ती अकरावीपासून कानावर आणि डोळ्यांखालून जायला हवी.

यातून एक सरळ हिशेब निघतो. पीसीएम गटात निम्मे गुण एकट्या गणिताचे आहेत. भौतिकशास्त्र-रसायनशास्त्राच्या एका प्रश्नाला सरासरी ५४ सेकंद मिळतात, तर गणिताच्या एका प्रश्नाला १०८. वर्षभराचा अभ्यास तिन्ही विषयांत सारखा वाटणारा विद्यार्थी या हिशेबाकडे दुर्लक्ष करत असतो. समान पर्सेंटाइल (त्याचा अर्थ पुढे सांगतो) असलेल्या दोन विद्यार्थ्यांपैकी वरचा क्रमांक कोणाचा, हे ठरवतानाही अभियांत्रिकीसाठी गणिताचे पर्सेंटाइल आधी पाहिले जाते.

२०२६ पासून पीसीएम आणि पीसीबी या दोन्ही गटांची परीक्षा वर्षातून दोनदा घेण्याचे ठरले असून, दुसरी संधी ऐच्छिक आहे आणि दोन्हींतील चांगला निकाल धरला जातो. ही सोय चांगली आहे. तरीही पहिली परीक्षा केवळ अनुभवासाठी म्हणून देऊ नये, कारण दोन्हींच्या मध्ये हातात काही आठवडेच राहतात. नियमांत दरवर्षी लहानमोठे बदल होत असल्याने आपल्या वर्षाची माहितीपुस्तिका कक्षाच्या संकेतस्थळावरून उतरवून घेऊन ती पालकांसह पूर्ण वाचावी.

पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत

काही वर्षांपूर्वी एक पालक पेढे घेऊन मला भेटायला आले. मुलाला ९१ मिळाले म्हणून ते अतिशय आनंदात होते, आणि आता शिवाजीनगरच्या सीओईपी या अभियांत्रिकी संस्थेत संगणकशाखा मिळेल ना, असे त्यांनी विचारले. त्यांना ते ९१ टक्के वाटले होते. त्यात त्यांची चूक नव्हती. दोन वर्षांत कोणीही त्यांना समोर बसवून फरक समजावून सांगितला नव्हता.

परीक्षा अनेक दिवस आणि अनेक सत्रांत होते आणि प्रत्येक सत्राची प्रश्नपत्रिका वेगळी असते. एखादी सोपी, एखादी अवघड निघणे अपरिहार्य असल्याने कच्च्या गुणांची थेट तुलना करता येत नाही. म्हणून त्या सत्रात बसलेल्या विद्यार्थ्यांपैकी किती जणांचे गुण आपल्याइतके किंवा आपल्यापेक्षा कमी आहेत, हे शेकड्यात काढले जाते. समजा एका सत्रात २०,००० विद्यार्थी बसले आणि त्यांपैकी १८,२०० जणांचे गुण आपल्याइतके किंवा कमी आहेत, तर आपले पर्सेंटाइल ९१ होते. आपल्या पुढे १,८०० जण आहेत, असा त्याचा अर्थ. आणि ते केवळ त्या एका सत्रातले. २०२५ मध्ये पीसीएम गटाची परीक्षा ४ लाखांहून अधिक विद्यार्थ्यांनी दिली होती. अशा संख्येत ९१ पर्सेंटाइल असलेल्याच्या पुढे सुमारे ३६,००० आणि ९९ पर्सेंटाइल असलेल्याच्याही पुढे सुमारे ४,००० विद्यार्थी असतात. हे आकडे घाबरवण्यासाठी दिलेले नाहीत. अर्ध्या पर्सेंटाइलचा अर्थ सुमारे २,००० विद्यार्थी असा होतो, हे एकदा मनात बसले की पाच-सहा निष्काळजी चुकांची किंमत वेगळी समजावून सांगावी लागत नाही. मधल्या गुणांच्या पट्ट्यात तर गर्दी इतकी दाट असते की दोन-चार गुणांनीही क्रमांक बराच हलतो.

आणखी एक गोष्ट यातूनच निघते. पेपर अवघड गेला तर तो त्या सत्रातल्या सगळ्यांनाच अवघड गेलेला असतो. त्यामुळे बाहेर येऊन ‘सकाळच्या सत्राला सोपा आला होता’ अशा चर्चेत मन घालवू नये आणि परीक्षेच्या मध्यावर धीर सोडू नये. एकूण पर्सेंटाइल हे एकूण कच्च्या गुणांवरून काढले जाते. तिन्ही विषयांच्या पर्सेंटाइलची ती सरासरी नसते. म्हणून एका विषयात कमी पडलेले गुण दुसऱ्यात खरोखरच भरून काढता येतात.

बालभारतीचे पुस्तक आणि ते वाचण्याची रीत

सीईटीचा अभ्यासक्रम हा राज्य मंडळाचाच अभ्यासक्रम आहे : बारावी पूर्ण, ८० टक्के वजनाने, आणि अकरावीची ठरावीक प्रकरणे, २० टक्के वजनाने. भौतिकशास्त्रात प्रतलातील गती, गतीचे नियम, गुरुत्वाकर्षण, ध्वनी, प्रकाश, स्थितिक विद्युत, अर्धवाहक अशी प्रकरणे त्यात येतात. गणितात सरळ रेषा, वर्तुळ, संमिश्र संख्या, क्रमचय-संचय, फलने, सीमा वगैरे. प्रश्नांची काठिण्यपातळी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणितात जेईई मेनच्या, तर जीवशास्त्रात नीटच्या बरोबरीची राहील असे कक्षाने म्हटले आहे. परंतु त्याचा अर्थ अभ्यासक्रम त्या परीक्षांचा आहे असा काढून जाडजूड ग्रंथ विकत घेऊ नयेत. प्रश्नाचा आधार शेवटी सेनापती बापट रस्त्यावरच्या बालभारतीने काढलेल्या पाठ्यपुस्तकातच असतो, आणि ती पुस्तके बालभारतीच्या संकेतस्थळावर विनामूल्यही मिळतात.

मंडळाच्या परीक्षेसाठी पुस्तक वाचणे आणि सीईटीसाठी तेच पुस्तक वाचणे यांत मात्र फरक आहे. मंडळाच्या उत्तरपत्रिकेत सिद्धता पायरीपायरीने लिहायची असते. सीईटीला त्या सिद्धतेचा शेवट, त्यातल्या अटी आणि त्यातून निघणारी प्रमाणे विचारली जातात. माझ्या वर्गातले एक उदाहरण देतो. साध्या दोलकाचा आवर्तकाल लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो, हे सर्वांना पाठ असते. लांबी २१ टक्के वाढवली तर आवर्तकाल किती टक्क्यांनी वाढेल, असे विचारले की निम्मा वर्ग १०.५ म्हणतो, कारण टक्केवारीचे निम्मे करायचे अशी युक्ती कुठेतरी शिकवलेली असते. ही युक्ती फार लहान बदलांपुरतीच चालते. लांबी १.२१ पट झाली म्हणजे आवर्तकाल १.१ पट झाला, म्हणून उत्तर नेमके १० टक्के आहे. आणि पर्यायांत १० व १०.५ हे दोन्ही आकडे शेजारी शेजारी दिलेले असू शकतात. म्हणून प्रत्येक सूत्रासमोर ते कोणत्या अटीत लागू पडते, हे पुस्तकाच्या समासात एका ओळीत लिहून ठेवावे. हे काम कंटाळवाणे आहे आणि ते करणारी मुले थोडी असतात, म्हणूनच त्याचा उपयोग मोठा आहे.

गणितात लांब वाट आणि आखूड वाट यांतली निवड हीच परीक्षा असते. शून्यापासून पाय (π)-भागिले-दोनपर्यंतचे निश्चित संकलन घ्यायचे आहे. अंशात साइन एक्स आणि छेदात साइन एक्स अधिक कॉस एक्स आहे. हे सरळ सोडवायला गेले तर पान भरते. पण एक्सच्या जागी पाय-भागिले-दोन वजा एक्स घातले की साइन आणि कॉस यांची अदलाबदल होते, मूळ संकलन आणि हे नवे संकलन यांची बेरीज नुसत्या १ चे संकलन ठरते, आणि उत्तर मर्यादेच्या निम्मे, म्हणजे पाय-भागिले-चार, असे काही सेकंदांत मिळते. अनिश्चित संकलनात दिलेल्या पर्यायांचे विकलन करून पाहता येते. सीमेच्या किंवा सर्वसमतेच्या प्रश्नात एखादी सोयीची किंमत घालून तीन पर्याय बाद करता येतात. मात्र या आखूड वाटा आधी रीतसर सोडवलेल्या गणितातून सापडलेल्या असाव्यात. शंभर युक्त्यांची यादी पाठ करणाऱ्याला परीक्षेत कोणती कुठे वापरायची ते आठवत नाही.

रसायनशास्त्राला अनेक विद्यार्थी शेवटच्या महिन्यापर्यंत बाजूला ठेवतात आणि हीच मोठी चूक ठरते, कारण इथले बरेच प्रश्न थेट पुस्तकातील वाक्यावर असतात आणि आठवले तर वीस सेकंदांत सुटतात. तो वाचलेला वेळ भौतिकशास्त्राच्या आकडेमोडीला मिळतो. माझा सल्ला असा की, पहिल्या ९० मिनिटांतील ३५ मिनिटांत रसायनशास्त्राची एक फेरी संपवावी, ५० मिनिटे भौतिकशास्त्राला द्यावीत आणि शेवटची ५ मिनिटे कोरे राहिलेले प्रश्न भरण्यासाठी राखून ठेवावीत.

सराव परीक्षा आणि चुकांची वही

माझ्या एका विद्यार्थिनीने गणितात चांगली तयारी केली होती. ती ज्या क्लासला जात होती, तिथे जेईई आणि सीईटी दोन्हींसाठी एकच चाचणी घेतली जात असे आणि तीत चुकीच्या उत्तराचे गुण वजा होत. वर्षभर खात्री नसलेला प्रश्न सोडून देण्याची सवय तिच्या हाताला लागली, आणि प्रत्यक्ष सीईटीत तिने गणिताचे १४ प्रश्न कोरे ठेवले. हे ऐकून मला फार वाईट वाटले, कारण ही हानी तिच्या अभ्यासातल्या उणिवेमुळे झालेली नव्हती. चार पर्यायांतून काहीही निवडले असते तरी सरासरीने तीन-चार उत्तरे बरोबर आली असती. प्रत्येकी दोन पर्याय बाद करता आले असते तर सात, म्हणजे १४ गुण. सीईटीत एकही प्रश्न कोरा राहता कामा नये, आणि ही सवय सीईटीच्याच नियमांनी घेतलेल्या सराव परीक्षांतून लागते.

डिसेंबरपर्यंत प्रकरणवार चाचण्या पुरेशा आहेत. मंडळाची लेखी परीक्षा संपल्यावर मात्र दर दोन दिवसांनी एक पूर्ण सराव परीक्षा, सलग तीन तास, संगणकाच्या पडद्यावर द्यावी. कक्ष आपल्या संकेतस्थळावर सरावासाठी नमुना परीक्षा उपलब्ध करून देतो. घरी संगणक नसेल तर महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेत विचारावे. कागदावर सोडवताना आकृतीवरच खुणा करता येतात. पडद्यावरची आकृती आधी कच्च्या कागदावर उतरवावी लागते आणि त्यातच सेकंद जातात. गणकयंत्र वापरता येत नसल्याने वर्गमुळे, लॉगची नेहमीची मूल्ये आणि अपूर्णांकांची आकडेमोड हाताने करण्याचा सरावही याच काळात व्हावा.

सराव परीक्षेतला अधिक मोलाचा भाग ती संपल्यानंतर सुरू होतो. तीन तासांच्या परीक्षेनंतर निदान दोन तास चुका तपासण्याला द्यावेत आणि त्यासाठी एक वेगळी वही ठेवावी. प्रत्येक चुकलेल्या प्रश्नासमोर कारण लिहावे : संकल्पनाच माहीत नव्हती, माहीत असून आकडेमोड किंवा वाचन चुकले, की वेळ पुरला नाही. तीन-चार परीक्षांनंतर वही स्वतःच बोलू लागते. ज्याच्या वहीत दुसरे कारण जास्त आहे त्याला आणखी प्रकरणे वाचून काही साधणार नाही. त्याने प्रश्नातील ‘नाही’, ‘अयोग्य’ यांसारखे शब्द आणि एकके तपासण्याची सवय लावायला हवी. पहिले कारण जास्त असेल तर त्या प्रकरणाचे पुस्तक पुन्हा उघडावे, त्याच दिवशी.

अभ्यासाची जागा हाही पुण्यात खरा प्रश्न आहे. पेठांतल्या अभ्यासिका स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांनी भरलेल्या असतात, पण घरात जागा नसलेल्या बारावीच्या मुलाला त्यांचा खूप आधार होतो. गणेशोत्सवाचे दहा दिवस वेळापत्रकात आधीच हलके ठेवावेत. ढोल-ताशाच्या आवाजात नवे प्रकरण वाचण्याचा हट्ट धरून स्वतःवर चिडण्यापेक्षा तेवढ्या दिवसांत सूत्रांच्या वहीची उजळणी करणे शहाणपणाचे आहे.

परीक्षेचा दिवस

केंद्र अनेकदा शहराच्या कडेला असलेल्या एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयात, वाघोली, नऱ्हे किंवा ताथवडे अशा बाजूला, येऊ शकते. आदल्या दिवशी एकदा तिथे जाऊन यावे आणि वाहतुकीचा वेळ पाहून ठेवावा. प्रवेशपत्र आणि मूळ ओळखपत्र यांवरील नाव सारखे असावे. ते सारखे आहे की नाही हे अर्ज भरतानाच तपासायचे असते. पडद्यावर उत्तर निवडल्यावर ते जतन करण्याचे बटण दाबले गेले की नाही, याकडे पहिल्या दहा प्रश्नांत विशेष लक्ष द्यावे, म्हणजे पुढे हात आपोआप चालतो. नंतर कक्ष लॉगिनवर प्रश्न, आपण दिलेली उत्तरे आणि उत्तरतालिका दाखवतो. एखादे उत्तर चुकीचे वाटले तर शुल्क भरून मुदतीत हरकत घेता येते. हरकत घेताना पाठ्यपुस्तकातील पान आधार म्हणून जोडावे.

कागदपत्रे आणि पसंतीक्रम

अभियांत्रिकीच्या गुणवत्ता यादीसाठी बारावीचे गुण मिसळले जात नाहीत, परंतु पात्रतेसाठी संबंधित विषयांत खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के आणि मागास प्रवर्गांना ४० टक्के आवश्यक असतात. चांगले पर्सेंटाइल असूनही ही अट न भरल्याने बाहेर राहिलेली मुले मी पाहिली आहेत. अधिवास प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, लागू असल्यास जात प्रमाणपत्र, जात वैधता प्रमाणपत्र आणि नॉन-क्रिमीलेअर यांची कामे अकरावीच्या सुट्टीतच सुरू करावीत. जात वैधतेला वेळ लागतो, आणि नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र प्रवेशाच्या वर्षातील पुढच्या ३१ मार्चपर्यंत वैध असावे लागते. वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर शिक्षण शुल्क माफीच्या जागांसाठी अर्जातच होकार नोंदवावा. इतर मागास, आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्गातील अशा कुटुंबांतील मुलींना २०२४-२५ पासून शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलतही आहे.

प्रवेशाच्या अर्जात महाविद्यालये आणि शाखा यांचा पसंतीक्रम भरताना मागील वर्षाच्या कट-ऑफच्या याद्या समोर ठेवाव्यात. त्यांतील सांकेतिक अक्षरे प्रथम पाहणाऱ्याला गोंधळात टाकतात : सुरुवातीचा ‘जी’ सर्वसाधारण, ‘एल’ महिलांसाठी, मधला भाग प्रवर्ग, आणि शेवटचा ‘एच’ म्हणजे स्वविद्यापीठ, ‘ओ’ म्हणजे अन्य विद्यापीठ, ‘एस’ म्हणजे राज्यस्तर. पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक या जिल्ह्यांतून बारावी झालेल्याचे स्वविद्यापीठ सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ असते, म्हणून त्याने धनकवडी किंवा कर्वेनगरच्या महाविद्यालयाची यादी पाहताना आपल्याला लागू असलेलीच ओळ वाचावी. क्रम मात्र कट-ऑफच्या अंदाजाने न लावता आपल्याला खरोखर जे हवे त्याच क्रमाने लावावा. वर लिहिलेला पर्याय मिळाला नाही म्हणून खालच्या पर्यायावरचा हक्क कमी होत नाही. पहिल्या फेरीत पहिल्याच पसंतीची जागा मिळाली तर ती घ्यावी लागते आणि पुढच्या फेऱ्यांतून नाव बाहेर पडते. म्हणून पहिल्या ओळीत जे महाविद्यालय आणि जी शाखा लिहायची, त्याविषयी घरात आधीच बोलणे झालेले असावे आणि अर्ज निश्चित करण्याआधी विद्यार्थ्याने तो स्वतः, सायबर कॅफेवाल्याच्या भरवशावर न सोडता, ओळीओळीने वाचावा.